सत्तर मीटर, सोळा पाउंड

दोस्तांनो, ७० मीटर म्हणजे नेमकं किती लांब, ते आधी डोळ्यांसमोर आणा पाहू. कबड्डीचं मोठ्यांचं मैदान १३ मीटर लांब असतं. अशी पाच मैदानं एकापुढे एक आखायची आणि वर आणखी ५ मीटर चालायचं. आता तिथं चहाची एक लहान बशी उभी करा आणि परत आपल्या जागी येऊन तिच्याकडे बघा. दिसते का? ऑलिंपिकमधला तिरंदाज एवढ्या अंतरावरून बाण सोडतो. त्याला पुरते १० गुण हवे असतील, तर बाण ज्या वर्तुळात लागायला हवा त्याचा व्यास असतो १२.२ सेंटिमीटर. बशीपेक्षा कमीच!

एवढ्या लांबचा नेम शिकायचा, तर पहिलं धनुष्य कसलं घ्यावं? या एका प्रश्नापायी आम्ही तिघं २०२४ च्या जानेवारीतल्या एका रविवारी सांगलीहून साताऱ्याला गेलो होतो. तिघं म्हणजे माझ्या वर्गातली पाचवीतली एक मुलगी, तिचे वडील आणि मी. मी प्राथमिक शाळेत शिकवते. गाव मिरज तालुक्यातलं.

साताऱ्यालाच का, असं तुम्ही विचाराल. आमच्या सांगली जिल्ह्यात कुस्तीचं काही विचारायचं असेल, तर बाहेर जावं लागत नाही. हिंदकेसरी मारुती माने यांचं कवठेपिरान आमचंच, कुंडलचं कुस्तीचं मैदानही आमचंच. कबड्डी-खोखोचंही तसंच. पण धनुष्यबाणाचं नाव काढलं की सगळे साताऱ्याकडे बोट दाखवतात, आणि ते उगीच नाही.

फलटण तालुक्यात सरडे नावाचं गाव आहे. तिथल्या मजुरी करणाऱ्या आईवडिलांचा मुलगा प्रवीण जाधव. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक विकास भुजबळ यांनी त्याला आधी धावायला लावलं. पुढे तो सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. तिथं १० मीटरवरच्या रिंगणात चेंडू टाकायची परीक्षा झाली, आणि याचे दहाच्या दहा चेंडू आत! मग त्याच्या हाती धनुष्य आलं. २०१९ साली नेदरलँड्समध्ये जागतिक स्पर्धेत भारतीय पुरुष संघानं रौप्यपदक मिळवलं, त्या संघात प्रवीण होता. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तो खेळला, तिथं जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या तिरंदाजाला त्यानं ६-० असं हरवलं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकलाही तो होता. शिक्षकांबद्दलचं ते वाक्य मी मुद्दाम लिहिलंय बरं का. आम्हा लोकांची नावं अशी क्वचितच कुठं येतात!

आणि २०२३ सालानं तर कमालच केली. जुलैत आयर्लंडमधल्या लिमरिक इथं साताऱ्याचा पार्थ साळुंखे तरुणांच्या गटात जगज्जेता झाला. त्याच स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी मुलींच्या गटात पहिली आली. महिना उलटतो न उलटतो तोच ५ ऑगस्टला बर्लिनमध्ये अदितीनं मोठ्यांच्या गटातलं जागतिक विजेतेपद पटकावलं. वय अवघं १७ वर्षं! अंतिम सामन्यात तिला १५० पैकी १४९ गुण पडले. म्हणजे १५ बाणांपैकी १४ दहात आणि एकच नऊमध्ये. त्याच दिवशी पुरुषांमध्ये ओजस देवतळेनं १५० पैकी १५० गुण मिळवले. ओजस नागपूरचा, पण सराव साताऱ्यातच, अदितीच्याच प्रशिक्षकांकडे, म्हणजे प्रवीण सावंत यांच्याकडे. उसाच्या शेतातली जागा साफ करून तिथं यांचं सरावाचं मैदान तयार झालं होतं.

अदितीचे वडील शाळेत गणित शिकवतात. त्यांनी मुलीच्या खेळासाठी कर्ज काढलं, हे वर्तमानपत्रांतून आलं आणि आमच्या भागातल्या पुष्कळ पालकांनी ते वाचलं. त्यातलेच एक माझ्या विद्यार्थिनीचे वडील. मुलगी हट्ट धरून बसली होती, "मला धनुष्य पाहिजे." कारखान्याचं उसाचं बिल नुकतंच जमा झालं होतं. ओळखीच्या एका गृहस्थांनी एक वापरलेलं धनुष्य विकायला काढलं होतं. परदेशी बनावटीचं, ३८ पाउंडांचं, दिसायला झकास. किंमत साठ हजार. वडील म्हणाले, "बाई, एकदाच काय ते चांगलं घेऊ की. सारखं-सारखं कुठं घेत बसायचं?"

उसाच्या एका बिलातून साठ हजार काढायचे म्हणजे काय, हे तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना सांगायला नको. मी एवढंच म्हटलं, "पैसे देण्याआधी साताऱ्यात एकदा कुणा जाणत्याला दाखवू या."

सांगली ते सातारा साधारण सव्वाशे किलोमीटर. आष्ट्यावरून पेठ नाक्याला यायचं, तिथं पुण्या-बंगळूरचा महामार्ग लागतो. मग कराड, उंब्रज, नागठाणे करत एसटी साताऱ्यात शिरते. जानेवारी म्हणजे ऊसतोडीचे दिवस. रस्ताभर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या. कराडला कृष्णा-कोयनेचा संगम गाडीतून काही दिसत नाही, पण मुलीला मी तो पाठ करायला लावला होता, म्हणून ती खिडकीतून मान काढकाढून शोधत होती. (मान बाहेर काढू नये, हे मी तीनदा सांगितलं.)

वाटेत वडिलांची समजूत काढायला मी मिरजेचं उदाहरण दिलं. मिरजेच्या सतारी-तंबोरे जगभर जातात. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. सातारा आणि सतार, नावं किती जवळची! मिरजेत ही वाद्यं करणारी मूळची घराणी कोणती, ठाऊक आहे? शिकलगार. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे, तलवारी-भाले दुरुस्त करणारे कारागीर. एकोणिसाव्या शतकात लढाया संपल्या, शस्त्रांना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा फरीदसाहेब शिकलगार यांच्यासारखे हुशार कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. आजही तिथं तंबोरा घ्यायला जा. पुरुषाच्या आवाजाचा तंबोरा मोठा, बाईच्या आवाजाचा लहान. "कोण गाणार?" हे विचारल्याशिवाय तंबोरा दाखवत नाहीत. पट्टी जुळली नाही, तर हस्तिदंती नक्षीचा तंबोरासुद्धा त्या गळ्याच्या कामाचा नाही.

वडील म्हणाले, "ते गाण्याचं झालं बाई. हे हत्यार आहे."

साताऱ्यात पोचलो तेव्हा अजिंक्यताऱ्यावर ऊन चांगलंच चढलं होतं. शहराबाहेरच्या एका सरावाच्या मैदानावर आम्ही गेलो. एका टोकाला गवताच्या जाड गाद्या तिकाट्यांवर उभ्या केलेल्या, त्यावर रंगीत वर्तुळांचे कागद. बाहेरून आत पांढरा, काळा, निळा, लाल आणि मधे पिवळा. त्यामागं मातीचा उंच बांध, चुकलेला बाण अडवायला. दुसऱ्या टोकाला पांढरी रेघ. पहिल्यांदा कानात भरली ती शिट्टी. दोन शिट्ट्या झाल्या की मुलं रेघेवर येऊन उभी राहतात, एक झाली की बाण सोडायला सुरुवात, तीन झाल्या की धनुष्य खाली ठेवून सगळी मिळून बाण आणायला जातात. मधेच कुणी पुढं गेलं, तर त्या दिवशी त्याचा सराव बंद. चप्पल घालून आलेल्या एका मोठ्या मुलाला सरांनी आल्या पावली परत पाठवलेलं आम्ही पाहिलं. जमिनीलगत रुतलेला बाण उघड्या पायाला फाडतो म्हणे.

आम्ही आमची अडचण सांगितली. वडिलांनी मोबाईलमधला त्या धनुष्याचा फोटो पुढं केला. सरांनी तो नीट पाहिलासुद्धा नाही. म्हणाले, "दादा, धनुष्य राहू द्या. आधी पोरगी बघू."

मग त्यांनी तिच्याकडून जे करून घेतलं, ते तुम्हीही आत्ता घरी करून बघा. दोन्ही हात समोर ताठ करा. दोन्ही पंजे एकमेकांवर ठेवून अंगठ्यांच्या वर छोटीशी त्रिकोणी खिडकी ठेवा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या खिडकीतून लांबची एखादी वस्तू बघा. दाराची कडी म्हणा, घड्याळ म्हणा. आता हात न हलवता एक डोळा मिटा, मग दुसरा. एका डोळ्यानं वस्तू खिडकीतच राहते, दुसऱ्यानं ती पळून जाते! ज्या डोळ्यानं राहिली, तो तुमचा नेमाचा डोळा.

आमची मुलगी लिहिते उजव्या हातानं, जेवते उजव्या हातानं. पण तिचा नेमाचा डोळा निघाला डावा! सरांनी तीनदा पडताळून पाहिलं. म्हणाले, "हिनं धनुष्य उजव्या हातात धरायचं आणि दोरी डाव्या हातानं ओढायची. लहान आहे, आठ दिवसांत सवय होईल." आता गंमत पाहा. तिरंदाजीची धनुष्यं डावी-उजवी वेगवेगळी असतात. बाण टेकवायची खाच आणि नेम लावायचं साधन मुठीच्या एकाच बाजूला असतं. फोटोतलं साठ हजारांचं धनुष्य दोरी उजव्या हातानं ओढणाऱ्याचं होतं.

वडील काही बोलले नाहीत. मोबाईल खिशात गेला.

पुढे मोजमाप. भिंतीला पाठ लावून तिला दोन्ही हात आडवे पसरायला सांगितले. एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत भरलं १४० सेंटिमीटर. याला अडीचनं भागायचं. आले ५६ सेंटिमीटर, म्हणजे २२ इंच. ही तिची 'ओढ'. म्हणजे दोरी हनुवटीपर्यंत खेचली की धनुष्याच्या मुठीपासून ती इतकी लांब येणार. या मापावर धनुष्याची उंची ठरते, बाणाची लांबीही ठरते. नवशिक्याचा बाण ओढीपेक्षा दोन-तीन इंच लांबच हवा. बाण आखूड असेल, तर ओढता ओढता तो मुठीच्या आत येतो आणि सुटला की थेट धरलेल्या हातावर.

आता पाउंडांचं कोडं. धनुष्यावर लिहिलेले पाउंड म्हणजे त्याचं वजन नव्हे. दोरी २८ इंच ओढून धरायला जेवढा जोर लागतो, तो पाउंडांत लिहिलेला असतो. एक पाउंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम. ओढ कमी असेल, तर जोरही कमी लागतो. सरांनी हिशेब मांडला. ३८ पाउंडांचं धनुष्य हिच्या २२ इंचांच्या ओढीला सत्तावीस-अठ्ठावीस पाउंडांच्या आसपास भरेल. म्हणजे साडेबारा किलो. स्पर्धेत पहिल्या फेरीला ७२ बाण मारावे लागतात. साडेबारा गुणिले ७२ किती? ९०० किलो. नऊ क्विंटल! आणि तेही दोरीवर अडकवलेल्या तीन बोटांनी. शेतकऱ्याला क्विंटल कळायला वेळ लागत नाही. वडिलांनी मुलीच्या बोटांकडे पाहिलं.

सरांनी मग मैदानावरचंच एक २० पाउंडांचं धनुष्य तिला दिलं. ताणून धर म्हणाले, आणि मोठ्यानं आकडे मोजू लागले. पाचापर्यंत खांदा कानाला लागला, सहाला हात थरथरू लागला. दोरी तशीच सोडून द्यायचा तिचा विचार दिसला, तोच सर ओरडले, "सोडू नको! हळू परत आण!" हे मात्र लक्षात ठेवा हं. बाण न लावता ताणलेली दोरी कधीही मोकळी सोडायची नाही. बाणात जायचा जोर धनुष्याच्या पात्यांतच शिरतो, आणि पाती तडकतात, तुकडे तोंडावर येतात.

त्यानंतर १६ पाउंडांचं. यावेळी दहा आकडे झाले तरी खांदा जागच्या जागी. "हे हिचं," सर म्हणाले. तिच्या ओढीला ते जेमतेम अकरा पाउंड, पाच किलो भरत होतं.

वडिलांच्या तोंडावर निराशा स्पष्ट दिसत होती. त्यांनी अगदी बरोबर मुद्दा काढला, "सर, पण एवढ्याशा जोरानं बाण ७० मीटर जाईल का?"

सर हसले. "नीट नेम धरून नाही जाणार," म्हणाले.

इथं थोडं विज्ञान. मोठ्या खेळाडूचा बाण ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेगानं जातो. तरीही ७० मीटर कापायला त्याला सव्वा सेकंद लागतो. तेवढ्या वेळात पृथ्वी आपलं काम करतेच. बाण अगदी आडवा सोडला, तर तो साडेसात मीटर खाली येईल, म्हणजे दुमजली घराएवढा! म्हणून तो वर रोखून सोडतात. वेग निम्मा झाला, तर वेळ दुप्पट लागतो आणि बाण चौपट खाली येतो. म्हणजे लांबच्या अंतराला दमदार धनुष्य लागतं, हे वडिलांचं म्हणणं खरंच होतं. मोठ्या स्पर्धांतले पुरुष तिरंदाज ४५-५० पाउंड सहज ओढतात.

पण सरांनी खिशातून रुपयाचं एक नवं, लहान नाणं काढलं आणि मुलीला विचारलं, "त्रैराशिक येतं का गं?" ७० मीटरवर दहाचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं, तर १० मीटरवर किती? सातनं भागा. १.७ सेंटिमीटर आणि थोडं वर. रुपयाचं ते नाणं २ सेंटिमीटरचं असतं. १० मीटरवरून सगळे बाण या नाण्याहून लहान जागेत बसवता आले, तर हाताची सफाई ७० मीटरची झाली म्हणायची. उलट इथं बाण एक सेंटिमीटर चुकला, तर तिथं सात सेंटिमीटर चुकणार आणि दहाच्या वर्तुळाबाहेर जाणार. १० मीटरवर जायला १६ पाउंड भरपूर झाले. जोर पुढे वाढवता येतो. जड धनुष्यानं मान वाकडी करून, खांदा उचलून, कशीबशी दोरी सोडायची एकदा सवय लागली, की ती मोडायला वर्षं जातात. आणि लहान वयात खांदा दुखावला, तर खेळच सुटतो.

दुकानात किंवा जत्रेत नव्हे, खऱ्या मैदानावर तुम्हाला तीन जातींची धनुष्यं दिसतील. एक बांबूचं, ज्याला 'इंडियन राउंड' म्हणतात. नेम लावायचं साधन नाही, काही नाही. ३० आणि ५० मीटरवर याच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात. काही हजार रुपयांत मिळतं आणि शाळांना परवडतं. दुसरं ऑलिंपिकचं, 'रिकर्व्ह'. याची टोकं बाहेरच्या बाजूला वळलेली असतात. मधली मूठ वेगळी आणि वरची-खालची पाती वेगळी. तिसरं 'कंपाउंड'. अदिती आणि ओजस यांचं. याच्या टोकांना चाकं असतात, विहिरीवरच्या रहाटासारखी म्हणा ना. सुरुवातीला दोरी जड लागते, पण पूर्ण ओढली की बराचसा भार ती चाकंच पेलतात आणि नेम धरायला निवांत वेळ मिळतो. त्याचं अंतर ५० मीटर, दहाचं वर्तुळ ८ सेंटिमीटर, क्रिकेटच्या चेंडूहून जरासं मोठं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही असणार आहे.

मग कंपाउंडच का नको? मुलीनंही हेच विचारलं. कारण कंपाउंडची ओढ इंचा-इंचानं त्या खेळाडूच्या मापाला बसवावी लागते आणि पाचवीतली मुलगी दर वर्षी वाढते. शिवाय किंमत. स्पर्धेचं सगळं सामान धरलं, तर गोष्ट लाखांत जाते. मला विचाराल, तर गावाकडच्या शाळेनं बांबूच्या धनुष्यांपासून सुरुवात करावी. ज्या मुलाला शिकवणारा जवळ आहे, त्यानं हलक्या पात्यांचं सुट्या भागांचं रिकर्व्ह घ्यावं. जोर वाढला की मूठ तीच ठेवायची आणि फक्त पाती बदलायची.

आणि दसऱ्याला छत्रीच्या काड्यांचे धनुष्यबाण करणाऱ्यांनो, तुम्हालाही सांगते. त्या काडीला तोल नसतो, पीस नसतं, ती कुठंही जाते आणि डोळ्याच्या उंचीवरून जाते. ते सोडून द्या.

परत येताना वडिलांनी गाडीत विचारलं, "बाई, मग रायफलीचं काय? ती तर ओढावी लागत नाही." प्रश्न तसा शहाणपणाचा होता. साताऱ्यात १९६१ सालापासून सैनिक शाळा आहे, एन.सी.सी.त .२२ ची रायफल चालवायला शिकवतात, आणि शेजारचा कोल्हापूर जिल्हा तर नेमबाजांचाच. पुढे त्याच वर्षी, १ ऑगस्ट २०२४ ला, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या ५० मीटरवर दहाचं वर्तुळ किती, ऐका. १०.४ मिलिमीटर! तुमच्या करंगळीच्या नखाएवढं. पण रायफलीलाही पहिला प्रश्न हाच. दस्ता खांद्याला बसतो का, गाल टेकवायची पट्टी डोळ्याच्या उंचीला येते का, वजन पेलतं का. १० मीटरच्या एअर रायफलीला साडेपाच किलोपर्यंत वजन चालतं. ते हातात धरून पुतळ्यासारखं उभं राहायचं म्हणजे ओढण्यापेक्षा सोपं नाही. .२२ च्या रायफलीला परवाना लागतो आणि सराव शूटिंग रेंजवरच करायचा असतो, शेतात नाही. जवळ रेंज आणि शिकवणारा नसेल, तर रायफल निवडण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या दिवशी आम्ही काहीच विकत घेतलं नाही. सरांनी रबराचा एक लांब पट्टा दिला. आरशासमोर उभं राहून तो रोज डाव्या हातानं पन्नास वेळा हनुवटीपर्यंत ओढायचा, खांदा वर गेला तर मोजायचं नाही, एवढा गृहपाठ. महिन्यातून दोन रविवार साताऱ्याला यायचं, तेव्हा मैदानावरचं १६ पाउंडांचं धनुष्य वापरायचं. वडिलांना हे पहिले काही दिवस पटलं नव्हतं. "रबर ओढायला साताऱ्याला जायचं?" असं ते मला दोनदा म्हणाले. एसटीचं भाडं, बुडालेला रविवार, घरची वैरण-पाणी, हे सगळं तेच सांभाळत होते, त्यामुळे म्हणायचा त्यांना हक्क होता. पण एकाही रविवारी त्यांनी गाडी चुकवली नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिचं स्वतःचं धनुष्य आलं. साधी मूठ, डाव्या हाताच्या ओढीची. १६ पाउंडांची पाती, सहा अॅल्युमिनियमचे बाण, बोटांसाठी चामड्याची टॅब, आणि दोरीचा फटका बसू नये म्हणून हाताला बांधायची ढाल. उसाच्या बिलातले निम्म्याहून जास्त पैसे शिल्लक राहिले आणि विहिरीच्या मोटारीला लागले. वस्तीच्या मागं, बांधाच्या पोटाला त्यांनी पेंढ्या घट्ट बांधून लक्ष्य उभं केलं आहे. मुलगी बाण मारत असली, की वडील रेघेच्या मागं उभे राहतात. शिट्टीही तेच वाजवतात.

दिवाळीनंतर तिची पाती बदलली. सोळाची अठरा पाउंडांची. ती मोठ्या तोऱ्यात मैदानावर उभी राहिली आणि पहिले सहाच्या सहा बाण पिवळ्याच्या वर, पांढऱ्यात गेले. जोर वाढला की बाण वर जातो, मग नेमाचं साधन नव्यानं लावून घ्यावं लागतं. त्यात तिचा अख्खा रविवार गेला. सध्या ती १८ मीटरवर आहे.